गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर आणि तळाला गेलेला सेल: बॅटरी पार उतरू नये म्हणून तुम्ही काय करता?

कोपरखैरणेकर | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा वाटेल, पण गेले दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत तीन उंचीवर तीन फ्लोट स्विच बसवले आहेत. बाहेर एका प्लॅस्टिकच्या खोक्यात ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा बोर्ड (नोडएमसीयू), एक १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल (२६०० एमएएच), टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल आणि वर ६ व्होल्ट १ वॅटचं सोलर पॅनेल. दर पंधरा मिनिटांनी बोर्ड जागा होतो, वायफायवरून पातळी पाठवतो आणि परत झोपतो. टाकी खाली गेली की वॉचमनकाकांच्या मोबाईलवर निरोप जातो. पंप चालू करायला रात्री-अपरात्री गच्चीपर्यंत चढून बघावं लागू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप. त्यांचं वय साठीपुढचं आहे आणि लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंतच जाते.

डिसेंबरात बसवलं, जूनपर्यंत एकदाही हात लावावा लागला नाही. जुलैत पावसाची झड लागली. गुरुवारी दुपारी शेवटचा निरोप आला, त्यानंतर शांत. आज सकाळी पाऊस जरा थांबल्यावर वर गेलो आणि खोकं उघडलं. आत पाण्याचा थेंबही नाही. सेल काढून मीटर लावला तर १.४३ व्होल्ट.

मॉड्यूल घेताना मुद्दाम प्रोटेक्शनवालं घेतलं होतं. सेल २.४ व्होल्टला आला की ते तोडणार होतं. मग १.४३ पर्यंत गेला कसा? आणि हा सेल आता परत चार्जिंगला लावू का?

---

जुनं_ते_सोनं | रविवार, रात्री ११:०५

लावा बिनधास्त. मी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले कितीतरी सेल जिवंत केले आहेत. सुरुवातीला कमी करंट द्यायचा, तीन व्होल्टच्या वर आला की नेहमीसारखा चार्ज. फेकून देण्यासारखं काही नसतं.

---

रबाळे_सर्किट | रविवार, रात्री ११:३२

कोपरखैरणेकर, कृपया लावू नका. आधी हे वाचा.

मी रबाळे एमआयडीसीत हातात मावणारी बॅटरीवरची मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सर्किट डिझाइन करते. आमच्याकडे दुरुस्तीला परत येणाऱ्या मालात असे सेल नेहमी येतात.

लिथियम-आयन सेलमध्ये ग्राफाइटचा थर तांब्याच्या पातळ पत्र्यावर असतो. सेल नेहमीच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ३ ते ४.२ व्होल्टमध्ये असतो तोवर त्या तांब्याला काही होत नाही. सेल फार खाली, दोन व्होल्टच्याही खाली जाऊन तसाच पडून राहिला, की ग्राफाइटच्या बाजूचा विद्युतदाब इतका वर चढतो की तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतं. इथवर बाहेरून काहीच कळत नाही. सेल फुगत नाही, तापत नाही, वासही येत नाही. तुम्ही तो चार्जिंगला लावता तेव्हा विरघळलेलं तांबं परत बसतं, पण पत्र्यावर जसं होतं तसं बसत नाही. कुठेतरी बारीक काट्यांसारखं साचतं. असा एखादा काटा मधल्या विभाजकातून पलीकडे गेला की सेलच्या पोटात शॉर्ट. तो पहिल्याच चार्जिंगला होईल असं नाही, महिनाभरानंतरही होतो.

जुनं_ते_सोनं, तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. २.६-२.७ ला सापडलेला सेल हळू चार्ज करून वापरता येतो, अनेक सेलांच्या डेटाशीटमध्ये तर डिस्चार्जची अखेर २.५ व्होल्टच दिलेली असते. पण २.५ ला आलेला सेल आणि दीड व्होल्टच्याही खाली जाऊन पडलेला सेल यांत फार फरक आहे. आणि हा सेल लोकांच्या डोक्यावर, गच्चीवर, सोलरला जोडून, कोणाचंही लक्ष नसताना चालणार आहे.

अजून एक. टीपी४०५६ सेलचं व्होल्टेज २.९ च्या खाली दिसलं की करंट एक दशांशावर आणतं आणि चार्जिंग सुरू करतं. हा सेल फार खाली गेलाय, मी याला हात लावणार नाही, असं ते कधीच म्हणत नाही. आज ऊन पडलं असतं तर तुम्ही वर पोचायच्या आधीच त्याने तो भरायला घेतला असता.

आता मूळ प्रश्न. बोर्डाच्या वायरी मॉड्यूलच्या कुठल्या पॅडला जोडल्या आहेत? फोटो टाका.

---

नौपाडा_काका | सोमवार, सकाळी ६:५०

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये उमेदीची वर्षं काढली. तिथे शिशाच्या बॅटऱ्या, प्रत्येकी दोन व्होल्टचे चोवीस सेल, म्हणून ४८ व्होल्ट. लाइट गेली की सगळं एक्स्चेंज त्यांच्यावर. आम्हाला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती: ४४ व्होल्टची रेघ. त्याच्या खाली बँक जाऊ द्यायची नाही, जनरेटर चालू करा, लोड कमी करा, काहीही करा. बॅटरी संपली म्हणजे शून्यावर आली असं नसतं. ती संपते तेव्हा तिच्यात बरंच शिल्लक असतं, आणि ते शिल्लक तिच्या स्वतःच्या जिवासाठी असतं.

---

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री ९:१५

ताई, फोटो काढायला मॉड्यूल टेबलावर उलटं केलं आणि फोटो काढायच्या आधीच चूक दिसली. मॉड्यूलला एका बाजूला चार पॅड आहेत: आउट प्लस, बी प्लस, बी मायनस, आउट मायनस. सेल बी प्लस आणि बी मायनसला. बरोबर. पण बोर्डाची लाल आणि काळी वायरही त्याच दोन पॅडना, सेलच्या वायरींवरच सोल्डर केली आहे. आउटचे दोन्ही पॅड कोरे, चकचकीत आहेत. त्यांना कधी टिनही लागलेलं नाही.

म्हणजे प्रोटेक्शन होतं, पण माझा करंट त्याच्यातून जातच नव्हता.

---

रबाळे_सर्किट | सोमवार, रात्री ९:५०

हेच असणार असं वाटत होतं. ही चूक फार जणांकडून होते, कारण बोर्ड थेट बीला जोडला तरी सगळं व्यवस्थित चालतं. त्या मॉड्यूलवर डीडब्ल्यू०१ नावाची छोटी चिप आणि शेजारी ८२०५ हे जोड-मॉस्फेट, म्हणजे करंटची वाट उघड-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, असतं. ते मायनसच्या वाटेत, बी मायनस आणि आउट मायनसच्या मध्ये बसलेलं असतं. लोड, म्हणजे इथे तुमचा बोर्ड, आउटला असेल तरच ते वाट बंद करू शकतं. नवीन वाचणाऱ्यांसाठी: ज्या मॉड्यूलवर आउटचे वेगळे पॅडच नाहीत, त्यावर प्रोटेक्शन नसतं.

पण थांबा, वायर आउटला हलवली म्हणजे काम झालं असं समजू नका. डीडब्ल्यू०१ साधारण २.४ व्होल्टला तोडतं. तोवर सेलमध्ये जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. त्यानंतर चिप स्वतः झोपी जाते आणि नगण्य करंट घेते, पण सेल आपोआपही थोडा उतरतच असतो. २.४ ला तुटलेला सेल पावसाळ्यात आणखी तीन-चार आठवडे तसाच राहिला तर परत धोक्याच्या पट्ट्यात. डीडब्ल्यू०१ म्हणजे इमारतीचा फ्यूज आहे. रोज रात्री दिवे बंद करायला कोणी फ्यूज काढतं का? दिवा बंद करायचं बटण वेगळं हवं. इथे ते बटण तुमच्या बोर्डातच आहे, बॅटरी खाली जातेय हे त्याने स्वतः ओळखून वेळेत थांबलं पाहिजे.

आणि मुळात तो इतक्या लवकर उतरला का, हेही बघू. बोर्ड झोपलेला असताना किती करंट घेतो, मोजलं आहे?

---

ऐरोली_डिप्लोमा | सोमवार, रात्री १०:२०

ईएसपी८२६६ डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) २० मायक्रोअँप घेतो, डेटाशीटमध्ये आहे. मग तर वर्षभर चालायला पाहिजे ना?

---

कोपरखैरणेकर | मंगळवार, रात्री १०:०५

मोजलं. झोपेत ८.५ मिलीअँप. मीटर चुकतोय वाटून दुसरा आणला, त्यावरही तेच.

---

रबाळे_सर्किट | मंगळवार, रात्री १०:४५

बघा, इथेच सेल संपला.

ऐरोलीकरा, २० मायक्रोअँप चिपचे झाले. बोर्डावर चिप एकटी नसते. नोडएमसीयूवर चिपला ठरावीक ३.३ व्होल्ट देणारा एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो, त्याला काही काम नसतानाही साधारण ५ मिलीअँप लागतात. शिवाय यूएसबीची चिप असते. म्हणजे घरातले सगळे झोपले तरी जिन्यातला दिवा जळतोच आहे.

हिशेब मांडू. जागेपणी समजा ६ सेकंद, सरासरी ८० मिलीअँप, दिवसाला ९६ वेळा: दिवसाला जेमतेम १३ एमएएच. झोपेत ८.५ मिलीअँप गुणिले २४: २०४ एमएएच. म्हणजे जागेपणी जेवढं खातो त्याच्या पंधरापट तो झोपेत खातो. दोन्ही मिळून २१७. २६०० एमएएचचा भरलेला सेल ऊन नसेल तर बारा दिवसांत रिकामा. ऊन होतं तोवर पॅनेल हे सगळं भरून काढत होतं, म्हणून जूनपर्यंत तुम्हाला कळलं नाही.

एएमएस१११७ चं दुसरं दुखणं अधिक वाईट. त्याला आत आणि बाहेर १.१ व्होल्टच्या आसपास फरक लागतो. ३.३ बाहेर हवे असतील तर आत ४.४ हवेत. सेल पूर्ण भरला तरी ४.२. म्हणजे पहिल्या दिवसापासून चिपला कमीच व्होल्टेज मिळत होतं. सेल ३.७ वर आला की चिपला २.६. अशा अवस्थेत वायफाय चालू करताना व्होल्टेज एकदम खाली बसतं, चिप अडकते किंवा पुन्हा पुन्हा रीसेट होते. झोपायची आज्ञा प्रोग्रॅमच्या शेवटी असते, तिथवर ती पोचतच नाही. मग ती अर्धवट जागी राहून ७०-८० मिलीअँप ओढत बसते. गुरुवारी निरोप बंद झाले तेव्हा तुमचा सेल रिकामा नव्हता. गुरुवार ते रविवार याच धडपडीत तो तळाला गेला.

व्होल्टेज नीट राखणं आणि सेल अति उतरू न देणं हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण तुमच्या खोक्यात एकातून दुसरा जन्मला.

---

घोडबंदर_वारा | मंगळवार, रात्री ११:१०

मग व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल लावा ना. मी एका सेलवरून एमटी३६०८ ने ५ व्होल्ट करून आईच्या खोलीतला रात्रीचा दिवा चालवतो. सेल कितीही उतरला तरी उजेड तेवढाच राहतो.

---

रबाळे_सर्किट | मंगळवार, रात्री ११:३०

उजेड तेवढाच राहतो याचाच विचार करा. बाहेर ५ व्होल्ट अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. नुकसान धरून आत सुमारे २.९ वॅट लागतात. सेल ४.२ ला असताना ०.७ अँपिअर, तोच सेल ३ व्होल्टला आला की जवळजवळ एक अँपिअर. सेल जितका थकलेला, तितकं जास्त ओझं. साध्या बल्बाची बॅटरी उतरताना उजेड पिवळा पडत जातो, आपल्याला कळतं. बूस्ट ती खूण लपवतो. एमटी३६०८ दोन व्होल्टपर्यंत काम करतं, म्हणजे प्रोटेक्शन नसेल तर तो सेल तिथवर ओढून नेणार.

आणि एक गोष्ट जपा: त्या चिपची एनेबल (चालू-बंद करायची) पिन खाली ओढून ती बंद केली तरी आतून कॉइल आणि डायोडमधून सेलचं व्होल्टेज बाहेर जातच राहतं. बूस्टच्या बाबतीत तोडायचं असेल तर आतल्या बाजूला, सेल आणि मॉड्यूलच्या मध्ये तोडा. आईंच्या दिव्याला आजच प्रोटेक्शनवाला सेल घाला.

---

घोडबंदर_वारा | मंगळवार, रात्री ११:४१

धन्यवाद ताई. उद्या पहिलं काम हेच.

---

ऐरोली_डिप्लोमा | बुधवार, संध्याकाळी ७:३०

मी सेमिस्टर प्रोजेक्टला सेल उतरला की लोड तोडणारं कट-ऑफ सर्किट बनवलं होतं. व्होल्टेज ताडून बघायला टीएल४३१ चिपचा रेफरन्स आणि तोडायला मॉस्फेट. टेबलावर मस्त चालायचं, बरोबर ३.२ ला बंद. सुट्टीत कपाटात ठेवलं आणि दीड महिन्याने बघितलं तर सेल ०.९ व्होल्ट. लोड तर तुटलेला होता. मग करंट गेला कुठे?

---

रबाळे_सर्किट | बुधवार, रात्री ८:१०

टीएल४३१ मध्येच. त्याला नीट काम करायला डेटाशीटप्रमाणे १ मिलीअँप द्यावा लागतो. दिवसाला २४ एमएएच. ३.२ ला तुटल्यावर सेलमध्ये जे काही थोडं उरलं होतं ते राखणदारानेच संपवलं. कुंपणानेच शेत खाल्लं.

बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा स्वतःचा करंट नेहमी मायक्रोअँपमध्ये हवा. होल्टेकचा एचटी७०३३ सारखा तीन पायांचा व्होल्टेज डिटेक्टर घे, तो ३.३ ला निकाल देतो आणि काही मायक्रोअँपवर जगतो. पुढे एओ३४०१ सारखं पी-चॅनेल मॉस्फेट, जे गेटला (त्याला उघडणाऱ्या पायाला) अडीच व्होल्ट मिळाले तरी नीट उघडतं. आयआरएफझेड४४ वापरलं होतंस का? ते पूर्ण उघडायला गेटला दहा व्होल्ट हवेत, एका सेलवर ते नुसतं तापतं.

---

ऐरोली_डिप्लोमा | बुधवार, रात्री ८:२५

आयआरएफझेड४४ च होतं ताई. तापायचं पण.

---

नौपाडा_काका | गुरुवार, सकाळी ७:०५

बाळ, अजून एक. तुटल्यावर सेलचं व्होल्टेज आपोआप वर येतं, बघितलं असशील. लोड काढला की ३.२ चे ३.४ होतात. तोडायची आणि परत जोडायची रेघ एकच ठेवलीस तर रिले तडतड वाजत राहील, तुटलं, जोडलं, तुटलं, जोडलं. तोडायचं खाली आणि जोडायचं बऱ्याच वर. मध्ये मोकळी जागा ठेवायची.

---

उपवनकाठ | गुरुवार, दुपारी २:१५

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. लेकीच्या आगगाडीत चार चार्जेबल पेन्सिल सेल लागतात. प्रत्येक वेळी चारातला एकच मरतो. चारही एकाच कंपनीचे आहेत, एकदम घेतलेले नाहीत. खेळण्यात काही बिघाड असेल का?

---

नौपाडा_काका | गुरुवार, संध्याकाळी ५:४०

खेळण्यात बिघाड नाही. एकदम घेतलेले नाहीत, हेच कारण. निकेल मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा, एक व्होल्टला आला की थांबवायचा असतो. चार एका रांगेत जोडले की मोटर फक्त बेरीज बघते. तीन सेल १.२ चे आणि एक थकलेला ०.४ चा, बेरीज झाली चार व्होल्ट. मोटरला वाटतं चारही एक-एक व्होल्टला छान आहेत. गाडी पळत राहते, आणि थोड्या वेळाने थकलेल्या सेलमधून बाकीचे तिघे उलटा दाब देऊन करंट ढकलतात. त्याचं प्लस-मायनस उलटं होतं. असं दोन-चारदा झालं की तो कायमचा गेला.

चार नवे एकदम घ्या, त्यांच्यावर पेनाने एकच खूण करा आणि ते चारही नेहमी एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. गाडी हळू पळायला लागली की लेकीला सांगा, गाडी दमली, आता स्टेशनात लावायची.

---

उपवनकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

काका, किती सोपं करून सांगितलंत. लेकीला वाचून दाखवलं, तिने लगेच गाडी "स्टेशनात" लावली.

---

जुनं_ते_सोनं | गुरुवार, रात्री ९:३०

ताईंचं तांब्याचं वाचल्यावर माझ्याकडचे सेल काढून बसलो. चार्ज करून आठवडाभर नुसते ठेवलेले अकरा सेल मोजले. आठ ४.१ च्या वर. दोन ३.८ ला. एक ३.१ ला आलाय, कशालाही न जोडता. हा शेवटचा मी दोन व्होल्टच्या खालून वर आणलेला होता, त्यावर तशी चिठ्ठी आहे.

तो बाहेर काढला. बाकीच्यांबद्दलही आता नवा नियम: दोनच्या खाली सापडलेला सेल उठवायचा नाही.

---

रबाळे_सर्किट | गुरुवार, रात्री ९:५५

मोजून इथे लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. ३.८ चे दोनही वेगळे ठेवा. आणि तो ३.१ चा घरच्या कचऱ्यात टाकू नका, सुक्यातही नाही. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं आणि अशा सेलने तिथे आग लागू शकते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

---

नौपाडा_काका | शुक्रवार, सकाळी ६:४०

घरोघरी कपाटावर पडलेल्या इमर्जन्सी लॅम्पबद्दल लिहायचं राहिलं. त्यात ६ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. तिची रेघ ५.२५ व्होल्ट. तिला लिथियमसारखा शॉर्टचा धोका नाही, पण उतरलेल्या अवस्थेत ठेवलीत तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग ती चार्ज धरत नाही. लाइट गेली, लॅम्प वापरला, की त्याच रात्री चार्जिंगला. उद्या बघू म्हणून महिना जातो, आणि पुढच्या वेळी अंधारात बटण दाबलं की काही होत नाही. डास मारायच्या बऱ्याच बॅटमध्येही हीच शिशाची, ४ व्होल्टची असते.

---

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री १०:३०

मंडळी, आठवडाभर काम केलं. काय केलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

नोडएमसीयू काढला. नुसतं ईएसपी-१२एफ, म्हणजे त्याच चिपचं छोटं मॉड्यूल, घेतलं. एएमएस१११७ च्या जागी एचटी७३३३, त्याला स्वतःला साधारण ४ मायक्रोअँप पुरतात आणि हलक्या लोडला दशांश व्होल्टचाच फरक लागतो. त्याची मर्यादा २५० मिलीअँपची आहे आणि वायफाय सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त लागतं. पहिल्या दिवशी त्यामुळे दोनदा रीसेट झालं. चिपच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर थांबलं.

सेलचं व्होल्टेज मोजायला वर ३३० किलोओहम आणि खाली १०० किलोओहम असे दोन रेझिस्टर. ईएसपी८२६६ ची अ‍ॅनालॉग पिन एक व्होल्टपर्यंतच मोजते, ४.२ चे तिथे ०.९८ होतात. हे रेझिस्टर कायम दहा मायक्रोअँप घेतात, तेवढे चालतील. मोजणी वायफाय चालू करायच्या आधी करतो, नाहीतर बसलेलं व्होल्टेज मोजलं जातं.

लोड आता आउट पॅडला. बी पॅडला फक्त सेल. सेल नवीन घेतला. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात ९९०० एमएएच लिहिलेले स्वस्तात मिळत होते, ते घेतले नाहीत. १८६५० च्या आकारात तेवढं मावतच नाही.

झोपेतला करंट मीटरवर ३८ मायक्रोअँप. ८.५ मिलीअँप होता. आकडा बघून बायकोला हाक मारून दाखवला.

प्रोग्रॅममध्ये: ३.४ व्होल्टच्या खाली गेला की शेवटचा एक निरोप, "सेन्सर बंद, टाकी डोळ्यांनी बघा". त्यानंतर वायफाय पूर्ण बंद. तीन तासांनी जागा होऊन नुसतं व्होल्टेज बघतो. ३.७ होईपर्यंत काही पाठवत नाही.

---

रबाळे_सर्किट | सोमवार, रात्री ११:००

सुंदर काम. तो शेवटचा निरोप मला सर्वांत आवडला. उपकरण गप्प होण्याआधी माणसाला सांगून गेलं पाहिजे.

३.४ ला थांबण्याचा फायदा आकड्यात सांगते. त्या वेळी सेलमध्ये पाचेक टक्के तरी असतात, १३० एमएएच धरा. तुमचे ३८ मायक्रोअँप म्हणजे दिवसाला ०.९ एमएएच. सेल स्वतःहून महिन्याला दोन टक्के उतरतो असं धरलं तर दिवसाला आणखी पावणेदोन. म्हणजे अजिबात ऊन नसलं तरी दीड महिना तो धोक्याच्या पट्ट्यात जात नाही. आपल्याकडे दीड महिना सलग पॅनेल उन्हाविना राहत नाही.

फक्त एक चाचणी करा. सेलच्या जागी टेबलावरचा पॉवर सप्लाय लावा आणि व्होल्टेज हळूहळू खाली आणा. सेल उतरायची वाट बघू नका. आणि सोलर पॅनेल तेव्हा काढून ठेवा.

---

ऐरोली_डिप्लोमा | मंगळवार, दुपारी १:१०

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घेतला तर रेग्युलेटरच लागणार नाही ना? ३.२ व्होल्टचा असतो.

---

रबाळे_सर्किट | मंगळवार, दुपारी १:४५

चांगला विचार आहे, चालतं. भरताना तो ३.६ पर्यंत जातो, ईएसपीची वरची मर्यादाही ३.६ च. पण टीपी४०५६ त्याला लावू नकोस, ते ४.२ पर्यंत भरायला जाईल. टीपी५००० या चार्जिंग चिपमध्ये ३.६ निवडता येतं. आणि त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती शिल्लक आहे हे व्होल्टेजवरून ओळखणं कठीण. टोकाला आला की झपकन पडतो. २.५ च्या बरंच आधी, २.९-३.० ला थांब.

---

कोपरखैरणेकर | बुधवार, रात्री ९:४०

चाचणी केली. ४.० पासून खाली आणत गेलो. ३.३९ ला वॉचमनकाकांच्या मोबाईलवर निरोप आला (ते लगेच गच्चीवर निघाले होते, फोन करून थांबवलं). त्यानंतर मीटर ३८ मायक्रोअँपवर. सप्लाय ३.५ केला, काही नाही. ३.६, काही नाही. तपासणीची वेळ चाचणीपुरती एक मिनिट केली होती. ३.७२ ला जागा झाला आणि टाकीची पातळी पाठवली. नंतर सप्लाय २.४ च्या खाली नेला तेव्हा डीडब्ल्यू०१ ने आउट तोडलं, आणि ५ व्होल्टचा चार्जर लावल्यावरच परत जोडलं.

रविवारी वर बसवतो. काका, खोकं कुठे ठेवू? आधी पॅनेलच्या मागेच चिकटवलं होतं.

---

नौपाडा_काका | गुरुवार, सकाळी ६:५५

पॅनेलच्या मागे नको. मे महिन्यात गच्चीवर पॅनेलची पाठ तव्यासारखी तापते, आणि लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. टाकीच्या खाली, उत्तरेच्या बाजूला सावलीत बांधा. वायरची भोकं खालच्या बाजूला ठेवा आणि वायर आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

---

कोपरखैरणेकर | रविवार, संध्याकाळी ६:१०

बसवलं, काकांनी सांगितलं तसंच. भुरभुर पाऊस चालूच आहे. पहिला निरोप: टाकी पाऊण भरलेली, सेल ४.०६.

---